पाण्याचे पूरकत्व

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीला पाण्याचे पूरक इंधन देता येईल का, हा प्रश्न एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे येत राहिला आहे, आणि तो विचारणाऱ्यांत केवळ चमत्काराला भुलणारी माणसे नसतात. दिवसभराच्या भाड्यातून पेट्रोलचा खर्च वजा करताना ज्याचा हात थबकतो असा टॅक्सीचालक त्यांत असतो, पाण्यात हायड्रोजन असतो आणि हायड्रोजन जळतो हे शाळेतच शिकलेला विद्यार्थी असतो, आणि शहरावर साचलेला धूर पाहून ज्याचा जीव मनापासून कळवळतो असा सज्जनही असतो. प्रश्न असा कळकळीतून आलेला असला की त्याला झटकून टाकणे हा विद्येचा अपमान ठरतो, म्हणून आज आपण त्याच्यापाशी थोडे थांबू. या प्रश्नाचा सगळा भार ‘पूरक’ या एका शब्दावर आहे. पेट्रोल अजिबात नको, नुसत्या पाण्यावर गाडी धावेल, असे कोणी म्हटले तर पुष्कळ जण सावध होतात. पण पेट्रोल आहेच, त्याला पाण्याची थोडी जोड द्यायची, असे म्हटले की तेच लोक मान डोलावतात, कारण थोडक्याची अपेक्षा आपल्याला नेहमीच रास्त वाटते. ती खरोखर रास्त आहे का, हे पूरक या शब्दाचा आशय उलगडल्यावाचून ठरवता येणार नाही.

पूरक तो, ज्याच्यापाशी स्वतःचे असे काही आहे आणि जो ते दुसऱ्याच्या उणिवेच्या जागी नेऊन ठेवतो. यात दोन अटी आल्या: देणाऱ्यापाशी देण्याजोगे काही असले पाहिजे, आणि घेणाऱ्याला नेमकी त्याच गोष्टीची वाण असली पाहिजे. या दोन्ही अटी पाळणारे पूरक इंधन आपल्याला परके नाही. कोल्हापूर-सांगलीच्या मळ्यांत ऊस उभा राहतो, त्याची पाने वर्षभर ऊन पिऊन ते साखरेत साठवतात, त्या साखरेच्या मळीतून इथेनॉल होते, आणि तेच आज वीस टक्क्यांपर्यंत पेट्रोलमध्ये मिसळलेले असते. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश उष्णता असते. ती कमी आहे, पण त्याची स्वतःची आहे, सूर्याकडून मिळवलेली आहे, इंजिनाने त्याला आधी दिलेली नाही. म्हणून इथेनॉलला पूरक म्हणण्यात शब्दाची ओढाताण होत नाही. आता हाच प्रश्न पाण्याला विचारायचा: हे जलदेवते, इंजिनाला देण्याजोगी कोणती उष्णता तुझ्यापाशी शिल्लक आहे?

पाण्याचे उत्तर रसायनशास्त्राने अठराव्या शतकातच ऐकले. हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने १७६६ साली एका ज्वालाग्राही हवेचे गुणधर्म नोंदवले, पुढे ती साध्या हवेत पेटवून पाहिली, आणि भांड्याच्या आतल्या बाजूला जमलेले दव तपासले तेव्हा ते शुद्ध पाणी निघाले. १७८४ साली हे प्रयोग लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचले गेले. त्याच काळात पॅरिसमध्ये आंत्वान लाव्हाझिए यांनी त्याचा खरा अर्थ लावला: पाणी हे मूलतत्त्व नाही, ते ज्वलनातून जन्मलेले संयुग आहे, आणि ज्या वायूच्या जळण्यातून ते जन्मले त्या वायूला हायड्रोजन हे नाव मिळाले. जळणे म्हणजे ऑक्सिजनशी जोडले जाणे, आणि त्या जोडणीत जी उष्णता मोकळी होते तीच इंधनाचे सारे धन. हायड्रोजनने हे धन पाणी होतानाच खर्चून टाकलेले असते. चुलीतल्या राखेला पुन्हा फुंकर घालून जाळ होत नाही, तसे पाणी ही हायड्रोजनची राख आहे. ती पवित्र आहे, जीवनदायी आहे, पण जळणाच्या दृष्टीने तिची गोष्ट पूर्ण झालेली आहे. आणि गंमत नव्हे, तर मनन करावे असे सत्य हे की पेट्रोल स्वतः जळताना पाणीच निर्माण करते. पेट्रोलच्या रेणूंत कार्बनबरोबर हायड्रोजन असतो, त्यामुळे एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने धुराड्यातून बाहेर पडते. थंडीच्या सकाळी गाडीच्या मागच्या नळीतून ठिबकणारे थेंब त्याचेच. ज्या पाण्याला आपण पूरक म्हणून टाकीत ओतू पाहतो, ते ज्वलनाच्या शेवटी इंजिन आपणहून बाहेर टाकत असते.

इथे श्रद्धावान वाचकाच्या मनात एक शंका येईल, आणि ती आदराने ऐकली पाहिजे. आपल्या परंपरेत अग्नीचा निवास जलात सांगितला आहे. समुद्राच्या पोटातला वडवानल पुराणांनी वर्णिला आहे. मग जलात अग्नी नाही असे कसे म्हणावे? त्याच परंपरेत तैत्तिरीय उपनिषदाने सृष्टीचा क्रमही दिला आहे: आकाशापासून वायू, वायूपासून अग्नी, अग्नीपासून जल, जलापासून पृथ्वी. उपनिषद रसायनाचा पाठ देण्यासाठी नाही, त्याचे प्रयोजन आत्मविद्येचे आहे, आणि त्याच्या माथी प्रयोगशाळेचे निष्कर्ष मारणे हा त्याचा गौरव नव्हे. तरीही क्रमाचे भान ही त्यातली शिकवण आपल्याला इथे उपयोगी पडते. जे कार्य कारणातून प्रकटले, ते कार्य पुन्हा कारणरूपात न्यायचे तर त्या प्रवासाला सामर्थ्य लागते, आणि ते सामर्थ्य कार्यापाशी नसते. ते बाहेरून आणावे लागते. जलातून अग्नी मागणाऱ्याने आधी हे बाहेरचे सामर्थ्य कोण देणार ते सांगितले पाहिजे. पूरक या शब्दाचा दुसरा पदर इथे उघडतो.

पाणी फोडता येते, यात संशय नाही. व्होल्टा यांच्या विद्युत्घटाची वार्ता १८०० साली लंडनला पोचली आणि त्याच वर्षी विल्यम निकल्सन व अँथनी कार्लाइल यांनी त्या घटाच्या दोन तारा पाण्यात सोडून एका तारेपाशी हायड्रोजनचे व दुसरीपाशी ऑक्सिजनचे बुडबुडे उठताना पाहिले. तेव्हापासून हे स्वप्न माणसाच्या मनात घर करून आहे. ज्यूल व्हर्न यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात लिहिलेल्या ‘द मिस्टिरियस आयलंड’ या कादंबरीतला अभियंता पाणी हा उद्याचा कोळसा होईल असे आपल्या सोबत्यांना सांगतो. पण फोडण्याचा हिशेब फार सरळ आहे. एक लिटर पाणी फोडायला, कुठेही काहीही वाया न जाता, सुमारे साडेचार युनिट वीज लागते. कारखान्यांतल्या उत्तम यंत्रांनाही प्रत्यक्षात सहाच्या आसपास युनिट लागतात. त्यातून निघालेला हायड्रोजन इंजिनात जाळला तर उष्णता मिळते ती चार युनिटांहून कमी, कारण पुन्हा तयार झालेले पाणी वाफ होऊन आपल्या वाट्याची उष्णता घेऊन निघून जाते. आणि त्या चारांपैकी इंजिन चाकांपर्यंत पोचवते ती जेमतेम एकतृतीयांश. जोडताना जेवढे मिळाले तेवढे तोडताना द्यावे लागते, हा निसर्गाचा नियम आहे, आणि व्यवहारात तर त्याहून जास्तच द्यावे लागते. या सगळ्या देण्याघेण्यात पाण्याने स्वतःचे काही घातले असे एकही स्थान सापडत नाही.

आता ही क्रिया चालत्या गाडीत आणून पाहू, कारण बाजारात जी उपकरणे पूरक म्हणून विकली जातात ती तेच करतात. बॉनेटखाली एक डबा बसतो, त्यात पाणी व थोडा क्षार असतो, बॅटरीच्या तारा आतल्या पोलादी पट्ट्यांना जोडलेल्या असतात, आणि निघालेला हायड्रोजन-ऑक्सिजनचा मिश्र वायू नळीने इंजिनाच्या हवेत सोडलेला असतो. हा वायू ‘एचएचओ’ किंवा ‘ब्राउन्स गॅस’ या नावाने ओळखला जातो. असे उपकरण मिनिटाला एक लिटर वायू देते असे धरा. त्याला सुमारे दोनशे वॉट वीज लागेल. ही वीज अल्टरनेटर देतो, आणि अल्टरनेटर इंजिनाच्या फिरत्या दांड्यावरून शक्ती घेऊन तिच्यातली साठएक टक्केच विजेत उतरवतो. म्हणजे दांड्यावरून तीनशे तीसच्या आसपास वॉट काढून घेतले गेले. तयार झालेला वायू जळून जी उष्णता देतो ती सुमारे एकशे दहा वॉट, आणि इंजिन तिच्यातली तीस टक्के कामी लावते, म्हणजे दांड्याला परत मिळतात तेहतीस वॉट. दहा दिले तेव्हा एक परत आले. यात पूरक कोण आणि पूरित कोण? पाण्याने पेट्रोलला काही दिले नाही. पेट्रोलनेच आपल्यातले दहा भाग पाण्यापाशी नेऊन ठेवले, आणि त्यातला एक भाग हाती आला तेव्हा आपण पाण्याचे आभार मानले.

पुष्कळांना वाटते की गाडी चालू असताना अल्टरनेटर फिरतच असतो, तेव्हा त्याची वीज आयती मिळते. तसे नाही. जुन्या सायकलचा डायनॅमो ज्याने टायरला टेकवला आहे त्याला ठाऊक आहे की दिवा लागताच पायडल जड होते. जेवढी वीज ओढाल तेवढा चुंबकाचा विरोध वाढतो, आणि तो विरोध मोडण्याचे काम इंजिन जास्त पेट्रोल जाळून करते. आयते असे निसर्गात काही नाही. जे आयते दिसते त्याची किंमत आपल्याला न दिसणाऱ्या जागी दुसऱ्या कोणीतरी भरलेली असते. पूरक शोधताना ती न दिसणारी जागा शोधावी.

यावर जाणकार माणूस एक सूक्ष्म युक्तिवाद करतो, आणि तो नुसता विक्रेत्याचा नाही, त्यात विद्या आहे. तो म्हणतो: हायड्रोजनची उष्णता राहू द्या, पण त्याची ज्योत पेट्रोलच्या ज्योतीपेक्षा कितीतरी वेगाने पसरते, म्हणून थोडासा हायड्रोजन पेट्रोलचे जळणे अधिक पूर्ण करील, आणि लाभ त्या पूर्णतेतून येईल. यातला पहिला भाग खरा आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की पेट्रोलबरोबर हायड्रोजन दिल्यास एरवी विझून जाईल असे विरळ मिश्रणही इंजिनात जळत राहते. पण त्या अभ्यासातला हायड्रोजन गाडीच्या अल्टरनेटरवर काढलेला नव्हता, आणि त्याचे प्रमाणही बॉनेटखालच्या डब्याच्या आवाक्याबाहेरचे होते. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी, लिटरला वीस किलोमीटर देणारी गाडी मिनिटाला सुमारे साडेचारशे लिटर हवा आत घेते. त्यात डब्यातला हायड्रोजन पाऊण लिटरही नसतो, म्हणजे हजारात दीड भाग. आणि दुसरे म्हणजे, ज्या अपूर्ण जळण्याची भरपाई करायची ती उणीवच आजच्या इंजिनात जवळजवळ उरलेली नाही: नीट चालणाऱ्या इंजिनात पेट्रोलचा अगदी थोडा अंश सोडला तर बाकी सगळे आतच जळते. इंजिनाचे खरे नुकसान न जळण्यात नाही. जळून निर्माण झालेली दोनतृतीयांश उष्णता रेडिएटरमधून आणि धुराड्यातून निघून जाते, त्यात आहे. पूरकाची दुसरी अट आपण आधीच पाहिली: घेणाऱ्याला त्याच गोष्टीची वाण हवी. जिथे उणीव नाही तिथे भर घालणारा पूरक ठरत नाही.

मग ज्यांनी उपकरण बसवले आणि ज्यांना लाभ जाणवला, ते सगळे खोटे बोलतात काय? मुळीच नाही, पुष्कळ जण अगदी प्रामाणिकपणे सांगतात. उपकरण बसवताना गाडीचे सर्व्हिसिंग होते, एअर फिल्टर बदलला जातो, टायरमधली हवा तपासली जाते. आणि मग मालक मन लावून, सावकाश, ब्रेक व क्लच जपून गाडी चालवतो, कारण त्याला फळ पाहायचे असते. या सगळ्यांचा परिणाम मायलेजवर होतो, आणि तो खरा असतो. काही जोडण्यांत ऑक्सिजन सेन्सरच्या संदेशात फेरफार करून इंजिनाला मुद्दाम विरळ मिश्रण दिले जाते. तिथे पेट्रोल थोडे वाचलेही, पण ते सेन्सरच्या खोट्या संदेशामुळे, आणि त्याची किंमत तापलेल्या व्हॉल्व्हना व बिघडलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मोजावी लागते. म्हणूनच पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ पासून काम करणाऱ्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेत गाडी रोलरांवर बांधून, ठरलेल्या तापमानात, ठरलेल्या गतिक्रमाने चालवून इंधन मोजले जाते. टाकी भरून टाकीपर्यंतचे किलोमीटर मोजण्यात चालकाचे मन, वाऱ्याची दिशा, घाटाचा चढ आणि पंपावरच्या नोझलचा शेवटचा थेंब हे सगळे मिसळलेले असतात. पूरकाची परीक्षा घ्यायची तर आधी आपल्या आशेला तराजूतून खाली उतरवावे लागते.

आशा तराजूत बसली की काय होते, याचे दाखले न्यायालयांच्या नोंदींत आहेत. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात स्टॅनली मेयर यांनी पाण्यावर चालणारी बग्गी दाखवली आणि ऐंशीएक लिटर पाण्यात अमेरिकेचा एक किनारा सोडून दुसरा गाठता येईल असे सांगितले. १९९६ साली दोन गुंतवणूकदारांच्या दाव्यात तज्ज्ञांनी त्यांचे यंत्र तपासले, तेव्हा त्यात नेहमीच्याच पाणी फोडण्याच्या क्रियेपलीकडे काही आढळले नाही, आणि न्यायालयाने ही ढळढळीत फसवणूक ठरवून पंचवीस हजार डॉलर परत करायला लावले. त्याच १९९६ साली तमिळनाडूतल्या राजपालयमजवळचे रामर पिल्लै यांनी पाण्यात वनस्पती उकळून पेट्रोल करता येते असे जाहीर केले, देशभर त्यांचे नाव झाले, आणि पुष्कळ भल्या माणसांना हा स्वदेशी विद्येचा विजय वाटला. पुढे सीबीआयच्या तपासात त्यांच्या ‘मूलिका पेट्रोल’मध्ये पेट्रोलियमचीच द्रावके आढळली, आणि २०१६ साली चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली. या दोन्ही कथांत लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की फसलेल्यांची श्रद्धा वाईट नव्हती. निसर्ग उदार आहे, पाणी सर्वांचे आहे, ज्ञान गरिबाच्या झोपडीतही जन्म घेऊ शकते, हा विश्वास मोलाचाच आहे. पण श्रद्धा ही सत्याकडे जाण्याची धारणा आहे. तिला पडताळणीचे भय नसते. पडताळा नको असे जो म्हणतो, तो आपल्या श्रद्धेला पूरक होत नाही. तो तिच्यावर जगत असतो.

इथवर आपण पाणी काय नाही ते पाहिले. पण निरूपण नकारावर थांबले तर अर्धेच राहते. पाण्यापाशी देण्याजोगी उष्णता नाही हे खरे, पण उष्णता घेण्याची जी शक्ती पाण्यापाशी आहे तिला तोड नाही, आणि इंजिनाला एका जागी नेमकी हीच वाण असते. एक किलो पाण्याची वाफ होताना ते बावीसशेहून अधिक किलोज्यूल उष्णता गिळते. जोरात काम करणाऱ्या, विशेषतः टर्बो लावलेल्या इंजिनात आतली हवा इतकी तापते की ठिणगीआधीच किंवा ठिणगीनंतर भलतीकडे मिश्रण भडकते, इंजिन ठोकते, आणि ते टाळण्यासाठी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल केवळ थंडाव्यासाठी ओतावे लागते. तिथे पाण्याचा सूक्ष्म फवारा दिला तर थंडाव्याचे काम पाणी करते, पेट्रोल जळण्यासाठी मोकळे राहते, ठिणगी योग्य वेळी देता येते आणि दाब वाढवता येतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांत निम्मे पाणी व निम्मे मिथेनॉल असलेले मिश्रण, आणि अमेरिकेच्या थंडरबोल्ट विमानांच्या इंजिनांत पाण्याचा फवारा, मोजक्या मिनिटांच्या जादा शक्तीसाठी वापरला गेला. १९६२ साली ओल्ड्समोबिल कंपनीच्या जेटफायर मोटारीत अशाच मिश्रणाची वेगळी टाकी होती. २०१६ साली बीएमडब्ल्यूच्या एम४ जीटीएस या पाचशे अश्वशक्तीच्या गाडीत पाण्याची पाच लिटरची टाकी बसली, आणि ही व्यवस्था बनवणाऱ्या बॉश कंपनीने वेगाने गाडी हाकताना इंधनात तेरा टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते असे सांगितले. हे पूरकत्व खरे आहे, कारण दोन्ही अटी इथे पाळल्या जातात: पाण्यापाशी शीतलता आहे, आणि इंजिनाला तिची वाण आहे. मात्र संथ चालणाऱ्या, टर्बो नसलेल्या घरगुती गाडीला ती वाण फारशी नसते, म्हणून तिला हा लाभही फारसा नाही.

या खऱ्या पूरकालाही मात्रेची मर्यादा आहे. डिझेलमध्ये पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब रसायनाच्या साहाय्याने स्थिर ठेवून दिले, तर ज्योतीचे तापमान उतरते आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे व काजळी कमी होते. जहाजांच्या मोठ्या इंजिनांत ही युक्ती वापरली गेली आहे. पण पेट्रोलच्या टाकीत नुसते पाणी गेले तर ते मिसळत नाही, तळाशी बसते. इथेनॉलयुक्त पेट्रोलमध्ये तर पाणी इथेनॉललाच आपल्याकडे ओढून दोन थर करते, आणि गाडी वाटेत उभी राहते. आणि २६ जुलै २००५ च्या पुरात ज्यांच्या गाड्या मुंबईच्या रस्त्यांवर बुडाल्या त्यांच्यापैकी अनेकांनी पाहिले की सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दबत नाही, आणि पिस्टन त्यावर आदळला की पोलादी कनेक्टिंग रॉड वाकतो. तेच पाणी धुक्याच्या कणांइतके होऊन, योग्य क्षणी, योग्य जागी आले तर सखा आहे; अवेळी आले तर घात आहे. पूरक ठरायला देणाऱ्याचे सामर्थ्य पुरत नाही, मात्रा आणि काळ यांचे ज्ञानही लागते.

आणखी एक पदर उरतो, आणि तो सर्वांत आतला आहे. कोणी विचारील, पाण्यात शक्ती नाही तर कोयनेची वीज कोठून येते? १८५३ सालच्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली देशातली पहिली प्रवासी आगगाडी पाण्याच्या वाफेनेच ओढली होती ना? दोन्ही खरे आहे, आणि दोन्हींत पाण्याचे स्वरूप एकच आहे. त्या इंजिनाच्या बॉयलरमधले पाणी पिस्टन ढकलत होते, पण ढकलण्याचे बळ त्याला जळणाच्या आगीने दिले होते. म्हणून पाणी भरायला गाडी थांबत असूनही पाण्याला कोणी इंधन म्हटले नाही. कोयनेचे पाणी पोफळीच्या जनित्रांवर कोसळते, पण त्याला सह्याद्रीच्या माथ्यावर चढवले ते समुद्र तापवणाऱ्या सूर्याने आणि ढग वाहून आणणाऱ्या नैऋत्य वाऱ्याने. पाणी हे वाहक आहे. ते दुसऱ्याचे तेज विश्वासाने वाहून नेते, वाटेत स्वतःसाठी काही ठेवत नाही, आणि जिथे सोपवायचे तिथे सोपवून रिकामे होते. आज हरित हायड्रोजनाची जी वाट भारत चालू पाहतो तिच्यातही पाण्याची भूमिका हीच आहे. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२३ रोजी मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचे उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन निर्मितीचे आहे. त्यासाठी पाणी फोडले जाईल, पण फोडणारी वीज सूर्याची व वाऱ्याची असेल, धावत्या गाडीच्या पेट्रोलची नसेल. मार्च २०२२ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी ज्या टोयोटा मिराई गाडीतून संसदेत गेले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात केपीआयटी ही कंपनी व सीएसआयआर ही संशोधनसंस्था यांनी विकसित केलेली जी बस लोकांसमोर आली, त्या दोन्हींत हायड्रोजन बाहेर तयार होऊन टाकीत भरलेला होता, आणि पाणी मागच्या नळीतून बाहेर पडत होते. पाणी तिथे प्रवासाचा शेवट आहे; आरंभ सूर्य आहे.

सज्जनहो, या निरूपणाचा निर्णय आता सरळ शब्दांत सांगता येतो. धावत्या गाडीच्या विजेने पाणी फोडून त्याच गाडीचे पेट्रोल वाचवता येत नाही. असे उपकरण पूरक नाही, ते भार आहे. नेमक्या इंजिनात, नेमक्या मात्रेने दिलेला पाण्याचा फवारा पूरक आहे, पण शीतलतेचा, उष्णतेचा नव्हे. आणि सूर्याच्या तेजाने फोडलेले पाणी हे त्या तेजाचे विश्वासू वाहक आहे. पाण्याच्या नावाने कोणी काही विकायला आले तर त्याला नम्रपणे एवढेच विचारा की ही शक्ती कोठून येते, आणि तिचे मोजमाप विकणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी, कोठे केले आहे. उत्तर मिळेपर्यंत पैसे खिशातून काढू नका. पेट्रोल खरोखर वाचवायचे असेल तर टायरमधली हवा दर पंधरवड्याला तपासा, एअर फिल्टर स्वच्छ ठेवा, मोकळ्या रस्त्यावर गाडी ताशी ४५ ते ५५ किलोमीटरच्या संथ वेगाने हाका, आणि सिग्नलला थांबताना इंजिन बंद करा.